बंद करायचं कारण

खोली बघायला आलेली माणसं आधी खिडकी उघडतात, भिंतीला ओल आहे का ते बघतात आणि भाडं विचारतात. शुभदा राऊतनं आधी दाराची कडी लावली. मग काढली. मग ती अर्धीच लावली आणि मला बाहेर जाऊन दार ढकलायला सांगितलं. मी ढकललं. कडी निसटली, दार उघडलं.

"अर्धी लागली तर उघडते," ती म्हणाली.

"मग पुरी लावत जाय," मी म्हणाले.

"मी लावीन, काकू. पण घाईतला माणूस अर्धीच लावते."

मला राग आला. आमचे हे रेल्वेत होते, त्यांनी रायपूरच्या शंकर नगरात हे घर बांधलं तेव्हापासून ती कडी तशीच होती आणि आजवर कोणी काही बोललं नव्हतं. तरी मी खोली दिली. मुलं बाहेरगावी, घरात मी एकटी, आणि पोरगी खोटं बोलणारी दिसत नव्हती. कडीही नंतर बदलून घेतली.

शुभदा यवतमाळकडची. तेलीबांध्याला एका कंपनीत नोकरी. ही कंपनी कॉम्प्युटरची कामं करून देत असे. काय काम करते म्हणून विचारलं तर म्हणाली, "दुसऱ्यानं बनवलेल्या गोष्टीतल्या चुका काढते."

"म्हणजे सासूचं काम."

"सासूनं चूक काढली का झालं, काकू. मले ते नोंदवावं लागते. चूक कशी होते ते दाखवावं लागते. आणि दुरुस्त झाली का नाही, ते पाहावं लागते."

"मग सासूपेक्षा वाईट."

ती हसली. हसताना ती तोंडावर हात धरायची. समोरचा एक दात आडवा होता. पोरगी दिसायला बरी होती, पण दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाला स्वतःची आधी दिसते.

कोणतीही नवी वस्तू घरात आली की ती आधी तिचे हाल करायची. कुलूप घेतलं तर ओल्या हातानं लाव, डाव्या हातानं लाव, अंधारात लाव. छत्री घेतली तर पंख्याखाली उलटी धर. जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून ती काम करायची, कारण तिथंच नेट धड यायचं. गळ्यात ऑफिसचा बिल्ला तसाच, मांडीवर मशीन, बाजूला वाटीत शेंगदाणे. फोनवर हिंदी, माझ्याशी आपली बोली, आणि मशीनमध्ये इंग्रजी. वरणात लाल मिरची चुरून खायची आणि वर म्हणायची, आज तिखट नाही.

नळवाला आला तेव्हा मी त्याला म्हणाले, नळ खराब आहे, बघ. शुभदा जिन्यावरून म्हणाली, "काकू, खराब म्हणजे त्यानं काय समजायचं?" मग त्याला तिनं सांगितलं, "भैया, ऊपर का नल खोलो, बंद करो, उसके बाद नीचे वाला टपकता है। ऊपर वाला न खोलो तो नहीं टपकता।" नळवाल्यानं खालचा नळ खोललाच नाही. थेट वर गेला. त्याच्याआधी दोनदा खालचाच नळ बदलून झाला होता.

तिचे तीन प्रश्न ठरलेले होते. तू काय केलं? काय व्हायला पाहिजे होतं? आणि झालं काय? दूधवाल्याला तेच, गॅसवाल्याला तेच. शेजारची दुबेबाई एकदा तिला म्हणाली, बेटी, मेरे पेट में गड़बड़ है. शुभदानं तिला इतकं विचारलं की शेवटी दुबेबाईच म्हणाली, जाने दे, ठीक हो गया.

दुबेबाईशी माझं कचऱ्यावरून वाजलं, तेव्हा तर तिनं कमालच केली. मी कचऱ्यापासून सुरू केलं ते तिच्या सुनेपर्यंत, तिच्या पाण्याच्या टाकीपर्यंत आणि एका जुन्या, परत न आलेल्या परातीपर्यंत गेले. घरात आले तर ही म्हणते, "काकू, एका तक्रारीत एकच गोष्ट असावी. तुम्ही इतक्या सांगितल्या का तिनं परातीचं उत्तर दिलं अन् कचरा तसाच राहिला."

"मग काय करू?"

"फक्त कचरा. कुठं पडते, कवा पडते. आणि कोण चुकलं ते नाही सांगायचं, काय चुकलं तेवढंच सांगायचं. नाव घेतलं का माणूस भांडते, काम करत नाही."

दुसऱ्या दिवशी मी तसं सांगितलं. कचरा पडायचा थांबला. परात अजून तिच्याकडेच आहे.

त्यांच्या कंपनीत अशा तक्रारी लिहायची एक जागा मशीनमध्ये होती. ती त्याला टिकीट म्हणायची. मी तक्रारच म्हणते. कुठूनही कोणीही तक्रार टाकली की ती तिथं दिसायची. आधी ही बघायची, की हीच तक्रार दुसऱ्या कोणी आधीच केली आहे का. केली असेल तर नवी बंद करायची आणि कारण लिहायचं, आधीच सांगितलेली. नाहीतर एका चुकीच्या मागं दहा माणसं लागतात, असं ती म्हणे. आणखी एक कायदा तिनं मला सांगितला होता. खरी तक्रार असेल तर ती दुरुस्त करणाऱ्यानं बंद करायची नाही. ज्याची तक्रार, त्यानंच तपासायचं आणि त्यानंच बंद करायची.

"हे बरोबर आहे," मी म्हणाले होते. "न्हाव्यानंच केस छान झाले म्हणायचं नसते."

त्या वर्षी तिच्या कंपनीनं डोळ्यांच्या सरकारी शिबिरांचं काम घेतलं. मोतीबिंदूवाल्यांनी गावातल्या खिडकीवर नाव लावायचं, चिठ्ठी घ्यायची आणि चिठ्ठीवरच्या दिवशी रायपूरच्या दवाखान्यात जायचं. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता. मी अभनपुरला बहिणीकडे जाणार होते. शुभदाच म्हणाली, "काकू, तिथं लावा नंबर. इथल्या लायनीत काहून उभ्या राहता? आमचीच मशीन आहे, दोन मिनिटाचं काम."

मी लावला. चिठ्ठी आणली. दिवस आला, दवाखान्यात गेले, तर यादीत माझं नाव नाही. चिठ्ठी दाखवली. तिथली बाई म्हणाली, पर्ची है तो क्या हुआ, लिस्ट में नहीं हो माताजी.

संध्याकाळी मी शुभदाला सांगितलं, "तुह्या मशीनमध्ये माझं नाव नाही."

ती पोळी खाऊन राहिली होती. मान वर न करता म्हणाली, "हो काकू, ते आलं होतं. नावं दिसत नव्हती. झालं ते दुरुस्त. आता इथं रायपूरात परत लावा, येईल."

मी परत लावलं. पुढची तारीख बरीच लांबची मिळाली. मी थांबले. तिनं सांगितलं म्हणजे झालं, असं मला वाटलं.

ती तारीख यायच्या आधीच, दिवाळीची भांडी काढताना, डोळा दुखायला लागला. साधा नाही, कोणी खिळा ठोकावा तसा. उलट्या झाल्या. डोळा लाल झाला. शुभदा ऑफिसातून धावत आली आणि रिक्षातून घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. मोतीबिंदू पार पिकून डोळ्यातला दाब वाढला आणि आतली नस गेली, असं त्या म्हणाल्या. दुखणं थांबवता येईल, नजर येणार नाही.

"पहले क्यों नहीं आईं, माताजी?"

"आई थी," मी म्हणाले.

बाहेर बाकावर बसलो. मग शुभदानं विचारलं, "काकू, अभनपुरात काय झालं होतं?"

"नंबर लावला होता."

"तसं नाही. तुम्ही काय केलं ते सांगा. पहिल्यापासून."

मी सांगितलं. खिडकीवर दुर्गा नावाची पोट्टी बसते. तिला नाव सांगितलं, तिनं मशीनमध्ये घातलं. चिठ्ठी निघाली. तेवढ्यात लाईट गेली. ती म्हणाली, लाइन गोल होगे दाई, थोड़ा बैठ. मग लाईट आली. मी विचारलं, माझं झालं का? ती म्हणाली, हव, पर्ची निकल गे त होगे.

"चिठ्ठी आधी निघाली अन् मग लाईट गेली?"

"हो."

"हे तुम्ही मले तवा काहून नाही सांगितलं?"

"तू विचारलं काहून नाही?"

मी हे रागानं म्हटलं नव्हतं. मला खरंच माहीत नव्हतं की लाईटचा काही संबंध असेल. अभनपुरात लाईट जाते, त्यात सांगण्यासारखं काय? पण तिचा चेहरा बघितला आणि कळलं, की लागायचं तिथं लागलं. दूधवाल्याला विचारायची, नळवाल्याला विचारायची. ज्या घरात जेवत होती तिथं विचारलं नाही, कारण तिला वाटलं, तिला माहीत आहे.

पुढचं मला हळूहळू कळलं. रायपूरच्या एका खिडकीवरून तक्रार आली होती, की लावलेलं नाव दिसत नाही. ती बारीक चूक होती, नाव आत असायचं, फक्त पान पुन्हा उघडेपर्यंत दिसायचं नाही. ती दुरुस्त झाली. नंतर अभनपुरहून दुर्गानं टाकली, नाम गायब हो जाता है. दोन्ही सारख्याच दिसल्या. शुभदानं दुसरी बंद केली आणि कारण लिहिलं, आधीच सांगितलेली. पण अभनपुरची चूक वेगळी होती. तिथं चिठ्ठी आधी छापून निघायची आणि नाव नंतर आत जायचं. मधे लाईट गेली की चिठ्ठी हातात आणि नाव कुठंच नाही. वरच्यांनी बंद केली म्हणजे झालं असेल, म्हणून दुर्गाही गप्प बसली. सगळ्यांचंच म्हणणं होतं की झालं असेल.

दवाखान्यातून आल्यावर शुभदा पायरीवर बसली आणि तक्रार लिहायला घेतली. कंपनीत सगळे इंग्रजीत लिहायचे. ही तिनं हिंदीत लिहिली, मला वाचता यावी म्हणून. मी चौथी शिकलेली, पण वाचते. शिवाय ती माझ्या नावानं लिहिली. त्या मशीनमध्ये तिनं माझं खातं काढलं.

वरची ओळ तिनं पुन्हापुन्हा खोडली. आधी लिहिलं, नाव गायब होते. म्हणाली, "यानंच घात केला. यातून कायी समजत नाही." शेवटी लिहिलं, पर्ची छपने के बाद बिजली जाए तो नाम दर्ज नहीं होता, मरीज को पता नहीं चलता. खाली काय केलं, काय व्हायला पाहिजे होतं, काय झालं. आणि सगळ्यात खाली, यह शिकायत अभनपुर से पहले आ चुकी है. मैंने, शुभदा राऊत ने, गलती से बंद की.

"कोण चुकलं ते लिहायचं नाही, असं तूच सांगते ना?" मी म्हणाले.

"दुसऱ्याचं नाही लिहायचं, काकू."

साहेबांनी तिला ती ओळ काढायला सांगितली. नवी तक्रार आहे, नवी म्हणून राहू दे, जुनं कशाला उकरतेस. तिनं काढली नाही. जुनी सापडली म्हणूनच मग अभनपुरच्या बाकीच्या चिठ्ठ्या शोधता आल्या. ज्यांची नावं हरवली होती त्यांना फोन केले, काहींच्या घरी माणूस पाठवला. ती माणसं वेळेत पोचली. उशीर झाला तो मला.

मशीन दुरुस्त झाल्यावर ती मला अभनपुरला घेऊन गेली. म्हणे, तक्रार तुमची, तपासायचं तुम्हीच. मी काळा चष्मा लावून बसमधून गेले. दुर्गा आम्हाला बघून उभी राहिली. तिला वाटलं, मी भांडायला आले.

शुभदानं तिला खोटं नाव घालायला लावलं आणि मला म्हणाली, "काकू, मी सांगितलं का वायर ओढा."

दुर्गा घाबरली. "दीदी, मसीन बिगड़ जाही त?"

"बिगड़ने दो. आज बिगड़ी तो अच्छा है."

मी वायर ओढली. सगळं काळं झालं. चिठ्ठी निघाली नाही. परत लावलं, परत ओढली. कधी आधी, कधी नंतर, कधी मधेच. मलाही मजा यायला लागली, हे खरं सांगते. चिठ्ठी निघाली तेव्हा नाव आत होतं, आणि नाव आत नव्हतं तेव्हा चिठ्ठी निघाली नाही. शुभदा तोंडावर हात न धरता हसली. त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा.

मग तिनं मशीन माझ्यापुढं धरली. "काकू, पाहिलं तुम्ही. बंद करता?"

मी म्हणाले, "मशीनचं झालं. माह्या डोळ्याचं काय?"

तिनं मशीन मिटली, पिशवीत घातली आणि दुर्गाला म्हणाली, चाय कहाँ मिलेगी?

त्यानंतर तिनं मला ते कधी विचारलं नाही. काम मात्र सगळं करायला लागली. सकाळी डोळ्यात औषध घालायची. भाजी निवडून द्यायची. डावा डोळाही पुढं त्याच शिबिरात करून आणला, तेव्हा माझ्याआधी तीच यादी बघून आली. तो डोळा छान झाला. मला सगळं दिसत होतं. तरी सुई-दोरा मी तिच्याकडे सरकवायची. ती ओवून द्यायची. ती वर गेली की उरलेल्या सुया मी माझ्या मीच ओवायची.

असं का केलं म्हणून कोणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. डोळा गेला म्हणून राग होता, असं म्हणावं, तर तो तिच्यावर फारसा नव्हता. मुलं फोनवर जेवढी विचारपूस करायची, त्यापेक्षा ही रोज जास्त करायची. एवढंच असेल.

संक्रांतीला तिच्या ऑफिसातली निधी घरी आली. बडबडी पोरगी. तिळाचा लाडू तोंडात असतानाच म्हणाली, "आंटी, आपकी शिकायत तो फेमस है! हर सोमवार मीटिंग में सबसे पहले वही आती है. सबसे पुरानी खुली हुई. शुभदा का नाम पढ़ा जाता है, फिर बाकी काम."

शुभदा स्वयंपाकघरात होती. निधी गेल्यावर मी तिला विचारलं, "दर सोमवारी?"

"हो."

"लाज नाही वाटत?"

"वाटते."

"मग काढून टाक ना."

"मले नाही काढता येत. तक्रार तुमची आहे."

तेव्हा एक शब्द बोलायचा होता. मी म्हणाले, भाजीत मीठ कमी आहे. ती मिठाचा डबा घेऊन आली.

पुण्याला दुसरी नोकरी लागल्याचं तिनं मला उन्हाळ्यात सांगितलं. आई तिकडे भावाजवळ होती, म्हणून. जायच्या दिवशी तिनं खोली स्वतः झाडली, नळ बघितला, खिडक्या बघितल्या. कडी अर्धी लावून ढकलून पाहिली. ती उघडली नाही. रिक्षा दारात आली. तिनं सामान ठेवलं आणि पाया पडायला वाकली.

"काकू, एक सांगायचं राहिलं. तुमची तक्रार आता निधीच्या नावावर जाईल. कोणी फोन केला तर तीच राहील."

"निधीच्या काहून?"

"मी नसणार ना. उघडी आहे म्हणजे कोणाच्या तरी नावावर पाहिजे."

"सोमवारी तिचं नाव वाचतील?"

"हो."

"तिनं काय केलं?"

रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. मी त्याला म्हणाले, "रुको भैया. दो मिनट." आणि हिला म्हणाले, "काढ मशीन."

तिनं रिक्षाच्या सीटवर मशीन उघडली. माझं नाव आलं. खाली तीच ओळ, पर्ची छपने के बाद. मी म्हणाले, बंद कर.

"तुम्हाले करावी लागते. अन् कारण लागते. नुसती बंद होत नाही."

तिनं कारणं वाचून दाखवली. दुरुस्त झाली. आधीच सांगितलेली. आमच्याकडे अशी चूक होत नाही. दुरुस्त होणार नाही.

"दुरुस्त झाली, हेच टाका काकू," ती म्हणाली. "मशीन तर झाली."

"तक्रार मशीनची आहे का माही?"

"तुमची."

"मग शेवटचं."

"दुरुस्त होणार नाही?"

"नाही होणार. डोळा नाही येणार. ना तुह्यानं, ना माह्यानं. म्हणून बंद. दाब कुठं, दाखव."

तिनं दाखवलं. मी दाबलं. ती ओळ काळी होती ती फिकट झाली, बस. एवढ्याशा गोष्टीला मी उन्हाळा लावला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला ते आवडलं नाही. मी म्हणाले, जाय, गाडी चुकेल. सुया ओवायला मला येतात, ते पण ऐकून जाय.

"माहीत आहे," ती म्हणाली. "तुमच्या पोलक्याची बटनं तुम्हीच लावता. मी ओवून देते त्याहून दोरा वेगळा राहते."

रिक्षा माझ्या उजव्या बाजूनं निघाली. त्या बाजूचं मला दिसत नाही. सगळं अंग फिरवावं लागतं, आणि मी फिरेपर्यंत रिक्षा दुबेबाईच्या घरापुढं गेली होती. मागच्या काचेतून शुभदा दिसली. मागं वळून बघत नव्हती. रिक्षाच्या दाराचा दांडा हातानं ओढून बघत होती, नीट लागला आहे की नाही.